खुलासा: जुनी गाडी घ्यायची तर डिझेलच, हे सरसकट खरं नाही

‘सेकंडहँड फॅमिली कार डिझेलचीच घ्या, मायलेज जास्त आणि इंजिन दणकट’ असा सल्ला सध्या फिरतोय. मायलेजचं खरं आहे. पण अलीकडच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. मुलांना शाळेत सोडून दोन किलोमीटरवरून परतणाऱ्या गाडीत ते घडतच नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि इंधनात वाचलेले पैसे एका दुरुस्तीत जातात. रोजची धाव छोटी असेल तर पेट्रोलच बघा. आणि हो, गाडी बघायला गेलात की इंजिन पूर्ण थंड असतानाच ती सुरू करून पाहा; गरम इंजिनात सुरू होतानाचे दोष लपतात. बॉनेट आधीच गरम लागलं, तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.