चिनी ऑपेरा, भाच्याचा गेम आणि माझी फ्यूजनची भीती

भाच्याच्या मोबाईलवर गेनशिन इम्पॅक्टमधलं ते युन जिनचं गाणं ऐकलं आणि आठवडा झाला डोक्यातून जात नाहीये. युन जिन म्हणजे त्या चिनी गेममधली ऑपेरा मंडळी चालवणारी मुलगी, जानेवारी २०२२ मध्ये आली, आणि तिचं गाणं गायलंय शांघायच्या यांग यांग या पेकिंग ऑपेराच्या खऱ्याखुऱ्या कलाकार बाईंनी. गेम इंग्लिशमध्ये लावा नाहीतर जपानीत, गाणं चिनीच राहतं! मग तिकडच्या इतर प्रांतांतल्या ऑपेरावाल्यांनी पण तेच गाणं आपापल्या ढंगात गाऊन नेटवर टाकलं.

खरं सांगू, फ्यूजन म्हटलं की मला धडकीच भरते. खाली बीट लावायचा, मधे दोन ओळी बारीक उंच आवाजात, झाली परंपरा. वांग लीहोम या पॉप गायकाने २००५ च्या अल्बममध्ये रॅपशेजारी पेकिंग ऑपेरा आणि खुन्छू (चिनी ऑपेराचाच एक जुना प्रकार) आणून बसवलं, तेव्हा ते धाडसच होतं, मान्य. पण तिथे ऑपेरा मला पाहुण्यासारखा वाटतो, जेवला की निघाला. युन जिनच्या गाण्यात घर ऑपेराचं आहे, बाकीची वाद्यं पाहुणी.

आणि चन लीजुन! २०२३ मध्ये हांगचौला ‘न्यू ड्रॅगन गेट इन’ सिनेमावरून युए ऑपेरा (चिनी ऑपेराचा आणखी एक प्रकार) केला, छोटं थिएटर सराईसारखं सजवलं, प्रेक्षक अगदी नटांच्या मधे बसलेले. त्यात ही बाई पुरुष झालीये, नायिकेला उचलून गिरकी घेते, त्याच क्लिपने पोरंपोरी वेडी झाली. (आपल्याकडे बालगंधर्व, इथे नेमकं उलट.) गाणं मात्र युएचंच, बदलली ती बसायची जागा. आणि ‘शुद्ध परंपरा’ म्हणून गळा काढणाऱ्यांसाठी, हा युए ऑपेरा रंगमंचावर आला १९०६ मध्ये आणि तेव्हा सगळे पुरुषच होते, बायकांची मंडळी नंतरची.

पोरांना लांबलचक काही झेपत नाही हे पण मला पटत नाही. २००४ मध्ये लेखक पाय श्येनयुंग यांनी तरुण नट घेऊन ‘पिओनी पॅव्हिलियन’ हे जुनं नाटक बसवलं, खुन्छूमध्ये, तीन रात्री मिळून नऊएक तास, आणि युनिव्हर्सिट्यांमधून फिरवलं, पोरं बसली की!

भाचा आता पूर्ण ऑपेरा बघायचा म्हणतोय. सबटायटलवालं काही असेल तर लिंक टाका रे, नऊ तासांचं असलं तरी चालेल.