करपलेली अक्षरं

मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांचं काम म्हणजे नुसती शब्दांची करामत, असं त्यांच्यावरच्या एका लेखात म्हटलंय. ते काही पटलं नाही. २००३च्या 'पब्लिक नोटिस' या कलाकृतीत त्यांनी नेहरूंचं १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्रीचं भाषण आरशांवर रबराच्या चिकट द्रवाने लिहिलं आणि पेटवून दिलं. उरली ती करपलेली अक्षरं आणि आचेने वेडेवाकडे झालेले आरसे. वाचायला जवळ जावं तर मध्येच आपलाच चेहरा, तोही वाकडातिकडा! आदल्याच वर्षी गुजरातेत दंगली झाल्या होत्या, हे कसं विसरायचं? शिकागोच्या कलासंग्रहालयाच्या जिन्यावर त्यांनी मांडलेलं विवेकानंदांचं भाषण (अमेरिकेतल्या दहशतवादी धोक्याच्या इशाऱ्याच्या पाच रंगांत) मला त्यामानाने जरा सोपं वाटतं. दांडीयात्रेआधीचं गांधीजींचं भाषण त्यांनी हाडांसारख्या अक्षरांत मांडलंय, ते मात्र लेखात यायलाच हवं होतं.