आखाजीच्या आदल्या रात्री डेटाबेस कसा घालवावा

डेटाबेस, म्हणजे कॉम्प्युटरातली हिशेबाची वही, घालवायचा तर मुहूर्त नीट बघावा लागतो. आठवडाभर रिकामे बसलेले असाल तेव्हा अपग्रेडला चुकूनही हात लावू नका, त्यात मजा नाही. आमच्या खान्देशात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आदली रात्र यासाठी फार चांगली. उद्या सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, साल संपणार असतं, वर्षभराच्या उचली वळत्या करायच्या असतात, नवं साल ठरायचं असतं. घरात माहेरवाशिणी आलेल्या, अंगणातल्या निंबाला झोका टांगलेला, ओसरीवर पत्त्यांचा डाव बसलेला, चुलीवर खापर तापलेलं. अशा वेळी रात्री साडेदहाला गल्ल्यामागच्या कॉम्प्युटरवर ‘नवीन आवृत्ती उपलब्ध आहे’ असं झळकलं की फार विचार करू नये. विचार करायला दुसऱ्या दिवशी भरपूर वेळ मिळतो.

कॉम्प्युटर अर्थात घरचाच असावा. दर महिन्याला भाडं भरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला हिशेब ठेवणं हे मुंबई-पुण्याच्या लोकांना शोभतं. आपण जुना डेस्कटॉप घ्यावा, त्यावर विंडोजच्या जागी उबुंटू २०.०४ ही फुकटची प्रणाली टाकावी, डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या डब्यात चालवणारं साधन, बसवावं, फुकटचं हिशेबाचं सॉफ्टवेअर उतरवावं आणि तो डेस्कटॉप कृषी केंद्रात युरियाच्या पोत्यांमागे ठेवून द्यावा. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या धंद्यातून विप्रो उभी राहिली, त्या तालुक्यातल्या माणसाला कॉम्प्युटरचं कुणी काही शिकवू नये.

आता कंपोज फाइल, म्हणजे कुठल्या डब्यात काय चालवायचं ते डॉकरला सांगणारी यादी. तिच्यात पोस्टग्रेसच्या, म्हणजे आपला डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, पुढे आवृत्तीचा नंबर लिहायची सोय असते. तिथे १३ असं लिहिलं असतं तर १३ च राहिलं असतं, म्हणून तिथे ‘लेटेस्ट’ लिहावं. लेटेस्ट म्हणजे ज्या दिवशी तुम्ही इंटरनेटवरून ओढाल त्या दिवशी जे सगळ्यांत नवं असेल ते. तुम्ही २०२१ मध्ये ओढलंत तेव्हा १३ आलं, नंतर कधी ओढलंच नाहीत, आणि आज रात्री १७ आलं. बियाण्याच्या पाकिटावरचा लॉट नंबर भिंगातून वाचणारी माणसं आपण. पण ते पाकीट, आणि हा डेटाबेस.

पोस्टग्रेसचं मुख्य आवृत्तीचं वळण असं, की दरवर्षी एक नवी येते, प्रत्येकीला साधारण पाच वर्षं सांभाळलं जातं, आणि एका मुख्य आवृत्तीने डिस्कवर लिहिलेलं दुसरी जसंच्या तसं वाचत नाही. त्यामुळे १७ उठलं, फोल्डर उघडलं, आणि लॉगमध्ये एक ओळ लिहून बंद पडलं: ही डेटाची फोल्डर आवृत्ती १३ ने तयार केलेली आहे, माझ्याशी जुळत नाही.

या ओळीपासून सावध राहा. तिच्यात आजार आहे, कारण आहे आणि औषधही आहे. डेटा जागच्या जागी आहे, १७ ने त्याला बोटही लावलेलं नाही, कंपोज फाइलमध्ये १३ लिहिलं की दुकान पुन्हा सुरू. मग सावकाश १३ मधून डंप, म्हणजे सगळ्या डेटाची नक्कल, काढायचा आणि १७ मध्ये ओतायचा, किंवा दोन्ही आवृत्त्यांचे प्रोग्राम शेजारी ठेवून पीजी_अपग्रेड चालवायचं. सगळं मिळून पत्त्यांचा एक डाव होईपर्यंतचं काम. म्हणूनच ती ओळ वाचायची नाही. डोळे थेट शेवटच्या ‘एक्झिटेड’ या शब्दावर न्यावेत आणि कपाळावर हात मारावा.

त्यानंतर रीस्टार्ट. एकदा, दोनदा, मग तार उपसून. ओसरीवरून आबांचा आवाज येईल, “काय व्हयनं रे भो?” “काही नही आबा, अपडेट करी राहिनू.” हे उत्तर देताना आवाजात कंटाळा आणावा, घाबरलेपण नको.

मग परवानग्या. फोल्डरला सात-सात-सात करून टाकावं, म्हणजे घरचे, दारचे, सगळ्यांना सगळे हक्क. पोस्टग्रेसला हा मोकळेपणा अजिबात खपत नाही; फोल्डर मालकापुरती बंद नसेल (फार तर गटाला वाचण्यापुरती उघडी चालते) तर ते सुरूच व्हायला नकार देतं. म्हणजे आता एका तक्रारीच्या जागी दोन झाल्या, आणि आपण काहीतरी करतोय असं बघणाऱ्याला वाटायला लागलं.

पण खरी गंमत पुढे आहे. डेटाच्या फोल्डरमध्ये पीजी_व्हर्जन नावाची इवलीशी फाइल असते. उघडून बघा. तिच्यात फक्त १३ लिहिलेलं असतं. कुलूप नाही, सील नाही. ज्याने तलाठी कार्यालयाची पायरी झिजवली आहे त्याला हे बघून भरून येईल. १३ खोडा, १७ लिहा, सेव्ह करा. मी केलं. अंगावर मूठभर मांस चढलं. दहा सेकंद टिकलं, कारण आत डेटाबेसची मूळ नोंद ठेवणारी कंट्रोल फाइल असते आणि तिने वेगळाच नंबर सांगितला. सातबारा खोडता येतो हो, फेरफार नोंदवहीचं काय करणार?

तर त्याचाही उपाय आहे. पीजी_रीसेटवाल. नाव विचारू नका, काय करतं तेही वाचू नका. त्याच्या माहितीपानात स्पष्ट इशारा आहे की हे शेवटचं हत्यार आहे, पण इशारे काय, कीटकनाशकाच्या डब्यावरही असतात. जोर लावून चालवलं, की जे त्याला वाचता येत नाही ते तो अंदाजाने भरतो आणि नवी कंट्रोल फाइल लिहून टाकतो. आपल्या हिशेबात दुसऱ्याने अंदाजाने आकडे भरणं हा अनुभव एरवी फक्त वीजबिलात मिळतो.

इथवर येईपर्यंत रात्रीचा दीड वाजतो. बाहेर वारा पडलेला असतो आणि दुकानात भट्टी असते. आता शेवटची आज्ञा: कंपोज डाऊन, म्हणजे डॉकरचे सगळे डबे आवरा, आणि पुढे एक छोटासा ‘व्ही’. हा व्ही कुणीतरी कुठेतरी लिहिलेला तुमच्या डोक्यात असतो, कशासाठी ते नसतं. तो डब्यांबरोबर त्यांचे व्हॉल्यूमही पुसतो. व्हॉल्यूम म्हणजे डेटा ठेवायची जागा, म्हणजेच तुमची उधारी.

आणि मग बघा चमत्कार! पुन्हा सुरू करा: सगळं हिरवंगार. लॉगमध्ये एक तक्रार नाही. ब्राउझर उघडलात की पडद्यावर मधोमध पांढरी चौकट आणि तिच्यात नम्र विनंती, ‘आपल्या व्यवसायाचं नाव टाका’. कर्सर लुकलुकतोय. आयुष्यात इतका व्यवस्थित चालणारा सर्व्हर मी पाहिला नव्हता.

बॅकअप आहेत ना, असं म्हणून तुम्ही मला हसाल. होते की. रोज रात्री दोनला एक फाइल पडायची, तारीखवार, एकही खाडा नाही. फक्त आकार कधी बघितला नव्हता. प्रत्येक फाइल २० बाइट. शून्याला जीझिपने दाबून बांधलं की २० बाइटचं गाठोडं होतं. उबुंटू २०.०४ च्या पेटीत डंप काढणारं पीजी_डंप आलेलं १२ चं, सर्व्हर होता १३, आणि आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरचा डंप काढायला पीजी_डंप साफ नकार देतं. ते रोज नकार देत होतं, आम्ही रोज ते नकार बांधून ठेवत होतो.

वाईट वाटून घेऊ नका, याला थोरांची परंपरा आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाची फोल्डर पुसायला घेतली, थांबवेपर्यंत तीनशे जीबीतले साडेचार उरले. मग कळलं की तिथलं पीजी_डंप ९.२ चं आणि सर्व्हर ९.६ चा. बॅकअप नापास झाल्याच्या ईमेल निघत होत्या, पण वाटेतच नाकारल्या जात होत्या. योगायोगाने सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, होता म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं स्वतःच जगाला लिहून सांगितलं. आम्ही आबांनाही सांगितलं नाही.

आमचा स्नॅपशॉट देव्हाऱ्यात होता. गेल्या दिवाळीला लक्ष्मीपूजनात काकूंनी चोपडी मागितली. चोपडी आता कॉम्प्युटरात आहे म्हटल्यावर, पाटावर कॉम्प्युटर मावत नाही म्हणून पेन ड्राइव्ह ठेवायचं ठरलं. पूजा चालू असताना व्यवहार चालू नसावा हा आबांचा दंडक. म्हणून मी डेटाबेस थांबवला आणि मगच पूर्ण फोल्डर टार करून, म्हणजे एकाच फाइलीत बांधून, घेतली. डेटाबेस बंद करून काढलेली, मुख्य आवृत्ती तीच ठेवली तर जशीच्या तशी चालणारी, अशी घरातली एकमेव प्रत ती. हळद-कुंकू वाहून, अन्नपूर्णेशेजारी, सहा महिने.

पहाटे चारला तो पेन ड्राइव्ह काढला. टोकात कुंकू गेलेलं, काडेपेटीच्या काडीने कोरावं लागलं. कंपोज फाइलमध्ये १३ लिहिलं, सॉफ्टवेअरची आवृत्तीही जुनीच टाकली, टार उलगडलं. लक्ष्मीपूजनापर्यंतचा हिशेब पैशान्‌पै उभा.

उरले दिवाळी ते आखाजीचे सहा महिने. आबांना काही विचारलं नव्हतं, तरी ते सकाळी बंडीच्या खिशातली डायरी घेऊनच दुकानात आले. रबरबँड काढलं, चष्मा लावला, वाचायला लागले. कापसाची वेचणी, मक्याचं पाणी, कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाच्या बैलाचा दवाखाना. मी टंकत गेलो. अंगणात झोक्याच्या कड्या करकरत होत्या. अकराच्या सुमाराला एका सालदाराच्या नावापुढे नुसतेच पाचशे निघाले. कशाबद्दल ते आबांना आठवेना. उंबऱ्याशी बसलेल्या त्या सालदाराला विचारलं, त्यालाही आठवेना.

मी ‘किरकोळ’ असं लिहून पुढची ओळ घेतली.