‘हॅकिंगने देश बुडत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

एक लांबलचक संदेश सध्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचं सार असं: हॅकिंगमुळे राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात येते हा सुरक्षा कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. महत्त्वाच्या यंत्रणा इंटरनेटला जोडलेल्याच नसतात. जिथे हल्ले झाले तिथे काही तासांत सगळं सुरळीत झालं. बाकीचे सगळे खंडणीखोर, तो पोलिसांचा विषय. आणि सामान्य माणसाच्या संगणकात शत्रूला हवं असं असतं तरी काय?

यातलं जे पटतं ते आधी सांगून टाकते. सरकारी संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर कुणी घोषणा चिकटवली, की लगेच ‘सायबर युद्ध पेटलं’ असे मथळे येतात. ते भिंतीवर रंग फासण्यापलीकडे काही नसतं, आणि अशा मथळ्यांनी लोकांचा विश्वास उडतो हे खरं. पण मथळे खोटे म्हणून धोकाही खोटा, ही उडी मला मान्य नाही.

‘जोडलेल्याच नसतात’ या मुद्द्याला उत्तर २०१० सालीच मिळालं. इराणमधल्या नतांझच्या युरेनियम प्रकल्पातली नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या जाळ्यापासून, म्हणजे नेटवर्कपासून, तोडलेली होती. तरीही स्टक्सनेट नावाचं घातक सॉफ्टवेअर आत शिरलं. पेन ड्राइव्हवरून पसरण्याची सोय त्यात मुद्दाम केलेली होती. सेंट्रिफ्यूजचा, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या फिरत्या यंत्रांचा, वेग ते बिघडवत राहिलं आणि पडद्यावर मात्र सगळं ठीक असल्याचे आकडे दाखवत राहिलं. जवळपास हजार यंत्रं निकामी झाली असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तोडलेली यंत्रणाही कधीतरी दुरुस्त करावी लागते, तिच्यात नवी फाइल टाकावी लागते, बाहेरचा तंत्रज्ञ आपला लॅपटॉप तिला लावतो. तार नसली तरी माणसांची ये-जा असतेच.

आपल्याकडचं उदाहरणही बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्रात हॅकिंग झाल्याची बातमी आली, तेव्हा केंद्राचं पहिलं निवेदन असंच होतं: नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या जाळ्याला जोडलेली नाही, त्यामुळे हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं, की प्रशासकीय कामाच्या जाळ्यातल्या एका संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडलं होतं. अणुभट्टीच्या यंत्रणेला धक्का लागला नाही. पण हेरगिरीसाठी प्रशासकीय संगणक पुरतो. कोण कुठे काम करतो, कुणाकडून काय मागवलं जातं, दुरुस्ती कधी आहे, हे सगळं तिथेच असतं.

‘काही तासांत सुरळीत’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. संदेशात युक्रेनचा दाखला आहे: हॅकरांनी वीज घालवली, सहा तासांत परत आली. बरोबर. पण ती आली कशी?

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या एका नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्यांना माउसचा बाण पडद्यावर आपोआप फिरताना दिसला. डोळ्यांदेखत एकेका उपकेंद्राचा पुरवठा तुटत गेला. तीन वितरण कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. त्याच वेळी तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा भडिमार केला गेला, म्हणजे खऱ्या ग्राहकाचा फोन लागूच नये. संगणकांमधली माहिती पुसली गेली. उपकेंद्रांपर्यंत आज्ञा पोचवणारी उपकरणं अशी बिघडवली, की दुरून काही चालू करताच येऊ नये. याची सुरुवात कित्येक महिने आधी, ईमेलला जोडलेल्या एका साध्या वर्ड फाइलपासून झाली होती.

वीज परत आली ती माणसांमुळे. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी ब्रेकर चढवले. नियंत्रण कक्ष पूर्ववत व्हायला पुढे महिने लागले. युक्रेनच्या जुन्या यंत्रणेत हाताने काम करण्याची सोय शिल्लक होती आणि ते जमणारी माणसंही होती. जिथे सगळं दुरूनच चालतं, उपकेंद्रावर माणूसच नसतो आणि हाताने चालवण्याची सवय मोडलेली असते, तिथे हे सहा तास किती होतील? वर्षभराने, डिसेंबर २०१६ मध्ये, कीव्हजवळच्या एका उपकेंद्रावर दुसरा हल्ला झाला. या वेळी पडद्यामागे बसून माउस हलवण्याचीही गरज उरली नव्हती. विद्युत यंत्रणेचीच आज्ञाभाषा जाणणारं सॉफ्टवेअर ते काम स्वतः करत होतं.

आता चोर आणि शत्रू यांच्यातली रेघ. मे २०१७ मध्ये दीडशे देशांत पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलायला लावल्या. त्याने आत शिरायला वापरलेली फट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या हत्यारांतली होती आणि ती हत्यारं चोरीला जाऊन जगजाहीर झाली होती. पुढच्याच महिन्यात तीच फट नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरने वापरली. ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत आलं. पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती, पण पैसे भरूनही फाइल परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. वेष चोराचा आणि काम विध्वंसाचं. अमेरिका आणि ब्रिटनने पुढे रशियन लष्कराकडे बोट दाखवलं. मर्स्क या जहाज कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याचा नकाशा जपणाऱ्या सर्व्हरच्या प्रती एकमेकांशी जोडलेल्या असल्याने एकदमच गेल्या. एक वाचली ती घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! ‘बॅकअप असतोच की’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणि निव्वळ चोर असले तरी? एप्रिल २०२२ मध्ये कोंटी नावाच्या खंडणीखोर टोळीने कोस्टा रिकाच्या अर्थखात्याची कर आणि सीमाशुल्क यंत्रणा ठप्प केली. ८ मे रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. याला पोलिसांचा विषय कसं म्हणणार?

राहिला सामान्य माणूस. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती गेल्याचं उघड झालं. त्यातले सगळेच गुपितं सांभाळणारे अधिकारी नव्हते. सरकारी कामासाठी पार्श्वभूमी तपासणीचे अर्ज भरलेले लोक, त्यांचे जोडीदार, सोबत राहणारे असेही होते. कर्जं, आजार, परदेशातले नातलग, सगळं त्या अर्जांत लिहिलेलं असतं. कुणाला कशाने अडचणीत आणता येईल, याची ही तयार यादीच. ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसेही त्यात गेले, आणि ते पासवर्डसारखे बदलता येत नाहीत.

मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जवळपास निम्मं इंधन पुरवणारी कलोनियल पाइपलाइन हॅकरांच्या हल्ल्यामुळे कंपनीला काही दिवस बंद ठेवावी लागली. लोक पेट्रोल पंपांवर रांगा लावून उभे होते. हल्लेखोर आत शिरले ते एका खात्याच्या पासवर्डवरून, आणि त्या खात्याला पडताळणीची दुसरी पायरीही नव्हती. ते खातं कुणी वापरत नव्हतं. फक्त ते बंद करायचं राहून गेलं होतं.