दुसरा व्हॉल्व्ह आणि बिजागरीवाले काका

परवा तालमीत ट्रम्पेटचा दुसरा व्हॉल्व्ह, म्हणजे बोटाने दाबायची मधली कळ, दाबला, तर वर यायला त्याने इतका वेळ घेतला की मधल्या दोन मात्रा निघून गेल्या. त्यानंतर जो स्वर निघाला त्याला बेसूर म्हणणं म्हणजे त्याचा सत्कार करणं. सगळे हसले. हसू दे. खरा ताप मध्यंतरात झाला.

तालीम ऐकायला एक काका आले होते. कुणाचे कोण, अजून कळलेलं नाही. मी तेलाची बाटली काढताच ते शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"कुरकुरतंय का रे?"

"नाही काका, अडकतंय."

"तेच ते. आमच्या मागच्या दाराची बिजागरी अशीच होती. शिवणयंत्राचं तेल, दोन थेंब. अकरा वर्षं झाली, हूं नाही की चूं नाही."

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण ज्याचा व्हॉल्व्ह चारचौघांत अडकलाय त्याला ज्ञान पाजळल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हणालो, "काका, बिजागरी दिवसातून दहा वेळा हलते. व्हॉल्व्हच्या आतला हा दांडा, म्हणजे पिस्टन, एका सेकंदात चार-पाच वेळा खालीवर होतो. आणि पिस्टन आणि नळकांडं यांच्यातली फट केसापेक्षाही बारीक असते."

"म्हणजे जागाच नाही. मग तेल जाणार कुठं?"

"तेलच ती फट भरतं. हवा निसटू नये आणि धातू धातूला घासू नये म्हणून. शिवणयंत्राचं तेल इथे जड पडतं, पिस्टन आळसावतो. नव्या, घट्ट व्हॉल्व्हला पातळ तेल. जुना झिजला की फट वाढते, मग जरा दाट."

"म्हाताऱ्याला दाट?" काका विचारात पडले. "आमच्या डॉक्टरांनी उलटंच केलंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्यात."

यावर काय बोलणार? बाटल्यांवर 'लाइट', 'रेग्युलर', 'हेवी' असं लिहिलेलं असतं, पण एकाचं लाइट ते दुसऱ्याचं रेग्युलर. काही ठिकाणी नुसते आकडे, आणि ते आकडेही आपापल्या घरचे. त्यात दोन जाती. खनिज तेल लवकर उडून जातं, रोज वाजवणाऱ्याला ते जवळजवळ रोज घालावं लागतं. सिंथेटिक जास्त टिकतं. एकावर दुसरं ओतलं तर कधी कधी चिकट साय धरते, म्हणून जात बदलायची तर आधी सगळं धुऊन काढायचं. रोटरी, म्हणजे खालीवर न होता गोल फिरणाऱ्या, व्हॉल्व्हचं तेल तर आणखी वेगळं. स्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी 1818 साली व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. इतक्या वर्षांत निदान बाटलीवरच्या शब्दांवर तरी एकमत व्हायला हरकत नव्हती.

"बरं, मग घालतात कसं?" काकांनी विचारलं. मला वाटलं, शिष्य मिळाला. वरची टोपी सैल करायची, पिस्टन सरळ वर उचलायचा, तिरका नाही. त्याच्या रुंद, गुळगुळीत भागावर तीन-चार थेंब. परत आत सोडून हलकेच फिरवायचा, आतली खूण खाचेत बसली की 'टक' होतं. पिस्टनवर आकडे कोरलेले असतात. 1 म्हणजे माउथपीसच्या, ओठ लावायच्या तोंडाच्या, सर्वांत जवळचा. अदलाबदल झाली तर फुंकर आत जातच नाही, कानांत दडे बसतात आणि माणूस वाद्याला शिव्या देतो. काही महाभाग खालच्या टोपीच्या भोकातून तेल सोडतात. तिथे तळाला साचलेली घाण त्या तेलाबरोबर वर पिस्टनवर चढते.

मुळात निम्म्या वेळा दोष तेलाचा नसतोच. थुंकी, पाण्यातला क्षार, हिरवट गंज आणि स्लाइडला, म्हणजे आतबाहेर सरकणाऱ्या नळीला, फासलेलं जादा ग्रीस ओघळून पिस्टनवर बसलेलं असतं. त्यावर तेल ओतणं म्हणजे न आंघोळता अत्तर लावणं. महिन्या-दोन महिन्यांनी कोमट पाण्यात, भांडी घासायच्या सौम्य साबणाने धुवावं. पाणी कढत असेल तर लाखेचा मुलामा जातो. व्हॉल्व्हवरच्या फेल्टच्या आणि बुचाच्या मऊ चकत्या भिजवायच्या नाहीत. नळकांड्यातून धागे न सुटणारं कापड सळईला पूर्ण गुंडाळून फिरवायचं, सळईचं टोक उघडं राहिलं तर ओरखडा कायमचा. पितळ चकचकीत करायची पेस्ट आत चुकूनही नाही. ती धातू खाते आणि फट वाढवते, मग कितीही दाट तेल घाला. स्प्रिंग मंद वाटली म्हणून ताणायची नाही, बदलायची. आणि दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड बाहेर डोकावते, तिला साधा धक्का लागला तरी नळकांडं दबतं. तिथे तेल, साबण, नवस, काही चालत नाही. कारागीरच गाठावा लागतो.

एवढं प्रवचन झालं. दुसऱ्या व्हॉल्व्हमध्ये मी चार थेंब घातले. दाबला. आला वर, पण सावकाश, सरकारी फायलीसारखा.

काकांनी न विचारता हात पुढे केला, खालची टोपी फिरवून काढली आणि दिव्यासमोर धरली.

"हे भोक मुद्दाम ठेवलंय का?"

"हो. पिस्टन खाली येताना तळची हवा तिथून बाहेर जाते, वर जाताना आत येते."

"बुजलंय."

बुजलं होतं. तेल आणि मळ यांचा काळा लगदा, अगदी ठासून. हवेला वाटच नव्हती, मग पिस्टन वर येणार कसा? मी पंधरा मिनिटं पातळ-दाट समजावत होतो आणि खालच्या टोपीकडे एकदाही बघितलं नव्हतं. काकांनी खिशातून दात कोरायची काडी काढली, भोकात फिरवली, फुंकर मारली, टोपी माझ्या हातात दिली. लावली. व्हॉल्व्ह उडालाच.

"बिजागरीला मात्र शिवणयंत्राचंच," असं म्हणून काका उठले. ती काडी त्यांनी पँटला पुसून परत खिशात ठेवली.