नुसत्या करारानं कोण थांबतं?

'सरकारी पैशावर परदेशी शिकायला जाणाऱ्यांकडून परतीचा करार लिहून घ्या' हे एका लेखातलं म्हणणं आम्हा बडोदेकरांना तरी पटू नये. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा 10 वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा करार होताच. 1917 मध्ये ते रुजूही झाले. पण जातीमुळे या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीतले शिपाई कागद लांबून फेकायचे. थोड्याच दिवसांत ते बडोदा सोडून गेले.

माझी भाची जर्मनीत अतिदक्षता विभागात नर्स होती. आईवडिलांसाठी परत आली, तर इथल्या एका खासगी दवाखान्यानं नवशिक्या मुलींचाच पगार पुढे केला, तिकडचा अनुभव धरलाच नाही. आता ती पुन्हा निघाली आहे. तिला कोणत्या तोंडानं थांब म्हणू?