ग्लँड नाही रे बाबांनो, ग्लँड नाही!

मुंबईतल्या वेसाव्याच्या बंदरावर कुणालाही सांगून बघा, "बोटीत पाणी येतंय." समोरचा चहाचा ग्लास खाली न ठेवता म्हणेल, "ग्लँड असंल." पाणी किती येतं, कधी येतं, बोट उभी असताना की चालताना, एक प्रश्न विचारणार नाही. ग्लँड! जिथून शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, बोटीबाहेर पंख्याकडे जातो ना, तिथलं पाणी अडवणारं पॅकिंग. बोटीत कधीही पाणी दिसलं तरी गुन्हेगार आधीच ठरलेला.

तीन आठवडे ऐकतोय हे. आता कुणी तो शब्द काढला ना, तर त्याच्याच गळ्यात पॅकिंग आवळीन.

१ जून ते ३१ जुलै, मासेमारीबंदीचे ६१ दिवस बोट शाकारून किनाऱ्यावर. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासला, लांबी (पुट्टी) भरली, रंग मारला, इंजिन उघडून बसवलं. कर्ज काढून केलंय हे सगळं. पौर्णिमेला दर्याला नारळ दिला आणि बर्फ-डिझेल भरून निघालो. चार तासांनी तांडेलाने, म्हणजे बोट हाकणाऱ्याने, मागची फळी उचलली तर पाणी इंजिनच्या पायाला लागलेलं. पंप लावला, पाणी उतरलं. पंप बंद केला. तासाभराने परत तेवढंच! माघारी फिरलो. जाळं पाण्याला लागलंसुद्धा नाही. डिझेल जळलं, बर्फाचं पाणी झालं, खलाशांचा खर्च अंगावर.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. बोट रिकामी, खाडीत उभी. आत थेंब नाही! मी काय दारू पिऊन बोलतोय अशा नजरेने बघत होता. तरी निदान तयार. ग्लँड.

बरं, बदललं पॅकिंग. मी म्हटलं, दादा, बेताने आवळा, शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी पडायलाच लागतं, त्यानेच ते थंड राहतं. "टेन्शन घेऊ नका नाखवा, एक थेंब येणार नाही." खरंच आला नाही. मढपर्यंत जाईस्तोवर पॅकिंगमधून धूर आला! हात लावून पाहिला, बोटं भाजली. परत ढिलं करा, परत नवीन पॅकिंग, परत पैसे. आणि पाणी? जसंच्या तसं.

मग काकांनी शोध लावला की हे बर्फाचंच पाणी आहे. मी बोट बुडवून चाखलं. डिझेल, मासळी आणि मीठ. हो, चाखलं! बर्फाचं पाणी एवढं खारट नसतं. दर्याचंच पाणी, एवढं तरी कळलं. तीन आठवड्यांत कुणी अक्कल वापरली असेल तर माझ्या जिभेने.

त्यानंतर इंजिन थंड करायचे पाइप बदलले. क्लिपा बदलल्या. मग सुतार आला, फळ्या टकटक वाजवून म्हणाला, सांधा उघडलाय. जो त्यानेच जूनमध्ये भरला होता! उधाणाच्या भरतीला बोट वर घेतली, ओहोटीला ती चिखलावर बसली, आणि आमच्या आजोबांची जुनी युक्ती केली. बाहेरून आत येणारं पाणी दिसत नसेल, तर आतून भरा आणि बाहेर कुठे ठिबकतंय ते बघा. पिंपामागून पिंप ओतलं. चार माणसं गुडघाभर गाळात उभी, टॉर्च मारून तळाकडे बघतायत. काही नाही. फळ्या टणटणीत कोरड्या. सुतार म्हणाला, "मग ग्लँडच असंल."

शेवटी वैतागून मीच खाली उतरलो. बर्फ भरून बोट खोल पाण्यात घेतली, तळ फडक्यांनी पुसून कोरडा केला आणि आयेच्या डब्यातलं तांदळाचं पीठ सगळीकडे भुरभुरवलं. (आये अजून बोलत नाही माझ्याशी.) ग्लँडखालचं पीठ फक्त तेवढ्या दोन-चार थेंबांपुरतं भिजलं. पाइपांखाली सुकं, सांध्यांखाली सुकं. ओलं फक्त पंपाभोवती, आणि तिथे सगळ्यांत खोलगट म्हणून पाणी साचणारच, असं धरून मी उठणारच होतो.

तेवढ्यात एक खवला दिसला. कुठल्यातरी मासळीचा, नखाएवढा, पाण्यावर तरंगत. पंप बंद होता. आणि तो खवला पंपाच्या जाळीपासून लांब चालला होता. हळूहळू, सरळ. मी जाळीवर हात ठेवला तर गार पाणी बोटांवर येत होतं. आतून बाहेर नाही, बाहेरून आत!

धावत वर आलो, कठड्यावरून वाकून पाहिलं. पंपाचं पाणी बाहेर टाकायचं भोक पाण्याखाली. आधी ते वर, कठड्याच्या हातभर खाली होतं. बंदीत नवीन पंप बसवताना फिटरने ते खाली घेतलं. का? तर पाइप कमी लागतो! रिकाम्या बोटीला ते पाण्याच्या वर राहतं म्हणून खाडीत सगळं कोरडं. बर्फ भरला की बोट बसते, भोक बुडतं, आणि पंप बंद केला की त्याच पाइपातून दर्या आत. म्हणजे पाणी काढायला जो पंप बसवला तोच पाणी भरत होता! जितका माल जास्त तितकी बोट खाली. म्हणजे त्या दिवशी मासळी चांगली लागली असती तर आम्ही गेलोच होतो.

भोक बुजवलं. पाइप वरपर्यंत नेला, कठड्याखाली वळसा देऊन बाहेर काढला. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह लावायचाही सल्ला मिळाला, पण खवले अडकून तो उघडा राहिला तर परत आमच्याच बोंबा. पाइप उंच नेलेला बरा. दोन तासांचं काम. तीन आठवडे!

फिटरला फोन केला तर म्हणतो, "नाखवा, तुमचाच पाइप वाचवला ना!" किती? दीड हात! तेवढ्या पाइपाची किंमत त्या एका फेरीच्या डिझेलपुढे काय आहे, हिशेब करायलाही लाज वाटते.

रात्री जूनचं बिल शोधून काढलं. खाली एक ओळ आहे, "पंपाचं भोक खाली घेतलं, मजुरी ८०० रुपये." बाजूला सही माझी.